वाईच पुढे घ्या

'वाईच' हा शब्द आमच्याकडे वेळेला चालतो, जागेला चालतो आणि आमटीतल्या मिठालाही चालतो. वाईच थांब, वाईच सर, वाईच घाल. म्हणजे किती, ते विचारायचं नसतं. विचारणारा घाटावरचा, हे लगेच ओळखू येतं. मी गेली वीसेक वर्षं रत्नागिरीच्या एसटी स्टँडाजवळून साळवी स्टॉपकडे जाणारी शहर बस पकडतो आहे, आणि माझा आता पक्का ग्रह झाला आहे की या रस्त्याचं सगळं दुखणं दोन वाईचांत आहे. गाडी वाईच थांबते आणि माणसं वाईच सरत नाहीत.

संध्याकाळी साडेपाचला येऊन बघा. कचेऱ्या सुटलेल्या असतात. रामआळीतली खरेदी उरकून गोळप-पावसकडच्या बायका पिशव्या पायांशी ठेवून उभ्या असतात. कॉलेजची पोरं अशा बेतानं उभी असतात की त्यांना थांबा दिसावा, पण ती थांब्यावर उभी आहेत असं कुणाला म्हणता येऊ नये. वीस मिनिटं गाडीचा पत्ता नसतो. प्रत्येक जण एकदा रस्त्यात उतरून, मान लांब करून बघून येतो. आधीचे चार जण बघून आलेले असतात, पण आपण बघितल्याशिवाय गाडी यायची नाही अशी प्रत्येकाची श्रद्धा. आणि मग एकदम तीन येतात.

पहिली खांबाशी थांबते. दार एकच. आतले उतरू बघतात, बाहेरचे चढू बघतात आणि 'आधी उतरू द्या की हो!' असं दोन्ही बाजूंचे लोक ओरडतात. चढणाऱ्यांतही शिस्तीची चाड असलेली माणसं असतातच. फक्त ती चढता चढता शिस्त सांगतात. दुसरी गाडी हिच्या पाठीला नाक लावून उभी. तिच्यात उतरायचे होते ते उतरले, चढायचे होते ते चढले, वाहकानं डबल बेलसुद्धा दिली. पण ती जाणार कुठून? पुढं पहिलीचं ढुंगण आणि उजवीकडे रिक्षांची रांग. तिसरीचं तोंड थांब्यावर आणि शेपूट चौकात. तिच्यामागं मासळीचा टेम्पो, त्याच्यामागं दोन चाकांवर बसलेलं अख्खं कुटुंब. शिवाय तिसऱ्या गाडीतली माणसं 'आता इथंच सोडा' म्हणतात, आणि थांब्यावरची माणसं 'ती इथवर येईलच' म्हणून जागची हलत नाहीत, किंवा त्याहून वाईट म्हणजे सगळी एकदम हलतात. पिशव्या, पोरं, छत्र्या घेऊन साठ माणसं तिसऱ्या गाडीकडे धावत सुटली की नेमकी पहिली निघते, दुसरी निघते, आणि तिसरी त्यांच्या अंगावरून पुढं येऊन खांबाशी उभी राहते. मंडळी परत उलटी धावतात. गावात वेगळ्या जिमखान्याची गरज का भासत नाही, त्याचं हे एक कारण.

आमच्या आळीत एक निवृत्त ओव्हरसियरकाका राहतात. सगळी नोकरी मोऱ्या आणि संरक्षक भिंती बांधण्यात गेली. त्यांचा मुलगा अमेरिकेत पोर्टलंड नावाच्या गावी असतो. त्याच्याकडे सहा महिने राहून आले, ते बाकीचे लोक चॉकलेटं आणतात तसे हे बस थांब्याचं शास्त्र घेऊन आले. तिथं घरात कोंडून बसायचा कंटाळा यायचा म्हणून सिटी बसनं हिंडायचे, आणि ओव्हरसियरचा डोळा कुठं गप्प बसतो. परत आल्यावर पहिल्याच संध्याकाळी मला थांब्यावर गाठून त्यांनी विचारलं, "तासाचे सेकंद किती?"

"3600."

"एक गाडी थांब्यावर 30 सेकंद उभी राहिली. ती निघून तिच्या जागी दुसरी लागायला धरा 15 सेकंद. तर तासाला गाड्या किती?"

मी मनात भागाकार केला. "80."

"आता गाडी मिनिटभर उभी राहिली तर?"

"48."

"दीड मिनिट?"

"34."

"बघा. रस्ता तोच, खांब तोच, डांबर तेच. मग 46 गाड्या गेल्या कुठं?" काकांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की त्या मीच घरी नेऊन ठेवल्या असाव्यात. शिवाय हे 80 आणि 34 देखील गाड्या घड्याळाच्या ठोक्यासारख्या आल्या तर. गाड्या तशा येत नाहीत. कुणी वीस सेकंद थांबतं, कुणी दोन मिनिटं, आणि त्या चढउतारापायी हिशेबातली आणखी बरीच कपात करावी लागते. थोडक्यात, थांब्यावर किती गाड्या मावतात हे फुटपट्टीनं मोजायला जाणारा फसतो. ते गाडी किती वेळ उभी राहते त्यावर ठरतं.

मी म्हटलं, "मग थांबा लांब करावा. दोन गाड्यांचा करावा, तीनचा करावा."

"तुमची हीच समजूत होणार," काका खुशीत म्हणाले. गाड्या एकामागं एक उभ्या राहणाऱ्या थांब्यावर दुसऱ्या गाडीची जागा केली तर पहिलीच्या पाऊणपट काम वाढतं. तिसरीनं त्याहून कमी. चौथी-पाचवीची भर नावापुरती. कारण मधल्या गाडीला पुढची हलल्याशिवाय हलता येत नाही. हे मला त्यांनी आकृती काढून सांगायला घेतलं होतं, पण गरज नव्हती. मी पंगतीत जेवलेला माणूस आहे. पहिल्या पानावरच्या आजोबांचा मठ्ठा संपून ते उठेपर्यंत सगळी पंगत हात वाळवत बसते, हा अनुभव ज्याला आहे त्याला थांब्याचं शास्त्र वेगळं शिकवावं लागत नाही. पंगतीत पाच पानं जास्त मांडून पंगत लवकर उठत नाही. आजोबांना मठ्ठा एकदाच वाढावा लागतो.

या हिशेबानं एसटीचा स्टँड म्हणजे बुफे. तिथं फलाट तिरके. प्रत्येक गाडी आपापल्या फलाटाला नाक लावते आणि निघताना मागं येते. शेजारची दहा मिनिटं उभी असली तरी हिचं काही अडत नाही. खर्च फक्त त्या मागं येण्याचा. वाहक खाली उतरून, गाडीच्या पाठीवर थाप मारत, तोंडात शिट्टी धरून ती गाडी मागं घेतो तो सोहळा बघण्यासारखा असतो. 'येऊ दे, येऊ दे, येऊ दे'च्या तालावर पन्नास माणसांसकट एवढं मोठं धूड मागं सरकतं, आणि अखेरची 'बस्स!' अशा सुरात येते की गाडीबरोबर आपणही जिथं आहोत तिथं थांबावं.

मधली काही वर्षं आमच्याकडे हा बुफेच नव्हता. जुना स्टँड पाडलेला आणि नवा व्हायचा होता. काही गाड्या रहाटाघरहून सुटत, बाकीच्यांनी रस्त्याची कड धरली. म्हणजे फलाटांची माणसं पंगतीला बसली. दुकानांच्या पायऱ्या, पत्र्यांच्या पागोळ्या, पानाच्या टपरीची सावली, हे सगळं गावानं न सांगता फलाट म्हणून वाटून घेतलं. अमुक गाडी मेडिकलसमोर, तमुक गाडी चपलांच्या दुकानासमोर. कुठं पाटी नव्हती, पण नव्यानं आलेल्या माणसाला कुणीही सांगे. त्या काळातही 'स्टँडवर भेट' असंच सगळे म्हणत आणि बरोब्बर भेटत. 2025 मध्ये नवा स्टँड उघडला तेव्हा मी कौतुकानं बघायला गेलो, सगळीकडे हिंडलो, आणि घरी जायला सवयीनं चपलांच्या दुकानासमोर येऊन उभा राहिलो. तिथं आणखी चार जण होते.

स्टँडवरची एक भाषा मला फार आवडते. फलाटावर गाडी आली की ती 'लागते'. 'गणपतीपुळे लागली', 'देवरूख लागली का हो?' गाडी फलाटाला लागते आणि मग हातखंब्याच्या आसपास प्रवाशाला लागते, क्रियापद एकच. हे आमच्याकडे पूर्वीपासून आहे. माझे आजोबा आगबोटीनं मुंबईला जात. बोट रत्नागिरीच्या धक्क्याला लागत नसे. ती लांब पाण्यात उभी राही, आणि माणसं, ट्रंका, फणस, कोंबड्या असं सगळं मांडवीहून पडावात घालून तिच्यापर्यंत न्यावं लागे. धक्क्याला न लागणारी ती बोट प्रवाशांना मात्र न चुकता लागे. पावसाळ्यात बोटी बंदच. चार महिने समुद्राकडे बघत बसलेल्या त्या पिढीपुढं आमची वीस मिनिटं ती काय!

बंद बोटींवरून आठवलं म्हणून पावसाकडे वळतो. काकांच्या भागाकारात एक गोष्ट धरलेलीच नव्हती, ती म्हणजे छत्री. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, बहुतेक सगळा त्या चार महिन्यांत, आणि तो सरळ पडत नाही. समुद्राकडून आडवा येतो. आपल्या निवारा शेडी कुणाच्या ना कुणाच्या निधीतून झालेल्या असतात, ते नाव लांबून दिसेल एवढं आणि थांब्याचं नाव जवळ गेल्यावर दिसेल एवढं असतं, आणि शेडीची उघडी बाजू हटकून पावसाकडे असते. त्यामुळं शेडीतही छत्री उघडीच. आता गाडी आली. माणूस छत्री उघडी ठेवून दारापर्यंत येतो. उघड्या छत्रीनिशी दारातून शिरता येत नाही. मिटून शिरावं तर त्या दोन क्षणांत डोकं भिजतं. म्हणून तो आधी स्वतः पहिल्या पायरीवर चढतो, छत्री बाहेर पावसात ठेवतो, दार पाठीनं पूर्ण अडवतो आणि हात मागं नेऊन ती मिटायला लागतो. खटका अडकतो. लांब दांड्याची असेल तर मागच्याच्या पोटात जाते, बटणाची असेल तर मिटता मिटता पुन्हा उघडते. मागचा आपली छत्री त्याच्या डोक्यावर धरतो, ती माणुसकी म्हणून नव्हे, तर त्याला स्वतःला पुढं सरकायचं असतं म्हणून. त्या छत्रीची सगळी पागोळी तिसऱ्याच्या मानेत. एक छत्री मिटून, झटकून, आतल्या माणसाच्या पायावर निथळत ठेवून माणूस आत गेला, की पायरीवर दुसरा चढतो आणि मागं हात नेतो. असे पंचवीस. मी एकदा मोजायला घेतलं होतं, पण घड्याळ ज्या हातात होतं त्याच हातात छत्री होती.

ब्राझीलमध्ये कुरितिबा नावाचं शहर आहे. तिथं 1991 पासून काचेच्या मोठ्या नळकांड्यासारखे बस थांबे आहेत. तिकीट आत शिरतानाच काढायचं, थांब्याची जमीन गाडीच्या जमिनीइतकी उंच, त्यामुळं पायऱ्या नाहीत. गाडी आली की घरातल्या घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जावं तसं माणूस आत जातो. लंडनच्या बसमध्ये 2014 पासून रोख पैसे घेतच नाहीत. सगळा खटाटोप गाडी उभी राहण्याचे सेकंद कापण्यासाठी. मला हे वाचून हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. आमच्या लाल गाडीची पहिली पायरी गुडघेदुखीच्या माणसाला पर्वतासारखी असते. एक पाय वर, दोन्ही हातांनी दांडा, मग 'अगं आई गं', मग दुसरा पाय. आणि या सगळ्यात खालून कुणी तरी 'चढा आजी, चढा, सावकाश' म्हणत कमरेला हात देतं. पायरी खाली आणली तर हे सेकंद वाचतील आणि ते वाचलेच पाहिजेत. यात मला विनोद दिसत नाही.

तिकिटाच्या सेकंदांचं मात्र मला खात्रीनं सांगता येत नाही. यंत्र आलं, मोबाईलनं पैसे देता येऊ लागले. पूर्वी सुट्ट्या पैशांवरून वाद व्हायचा, आता रेंजवरून होतो. फरक एवढाच की सुट्टे नसले तर माणूस ओशाळायचा. रेंज नसली तर तो फोन उंच धरून आकाशाकडे बघतो, आणि आपण सगळेही त्याच्याबरोबर बघतो.

तर काकांचं पोर्टलंड. तिथल्या मध्यवस्तीत पाचवा आणि सहावा असे दोन समांतर रस्ते आहेत, 1970 च्या दशकात मुख्यतः बसगाड्यांसाठी राखलेले. सगळ्या गाड्या प्रत्येक थांब्यावर थांबल्या तर आपल्या साडेपाचसारखीच पंगत लागणार, म्हणून त्यांनी गाड्यांचे गट पाडले. एका गटाची गाडी या थांब्यावर थांबेल, दुसऱ्या गटाची तो सोडून पुढच्यावर. रस्त्याची कूस तेवढीच, पण ओझं विभागलं गेलं. लोकांना कळावं म्हणून पूर्वी प्रत्येक गटाला एक रंग आणि एक चित्र असे. लाल सामन मासा, नारिंगी हरीण, पिवळा गुलाब, हिरवं पान, निळा हिमकण, जांभळा पाऊस आणि तपकिरी बीव्हर. आता म्हणे तिथं अक्षरांवर भागवतात. बीव्हर काढून एक्स-वाय लावण्यात त्यांनी काय मिळवलं कोण जाणे.

काकांचं म्हणणं, हे आपल्याकडे का होऊ नये? स्टँडापासून जयस्तंभ, माळनाका, मारुती मंदिर अशा एकाच रस्त्यानं सगळ्या गाड्या चढतात. तेव्हा गट पाडा, खांब वाटून द्या, चित्रं लावा. आम्ही दोघं त्या रात्री त्यांच्या पडवीत बसून याद्या करू लागलो. मिऱ्याकडच्या गाड्यांना बांगडा. गणपतीपुळ्याला मोदक. कुवारबाव, रेल्वे स्टेशनला इंजिन. देवरूखकडे फणस. इथपर्यंत सुरळीत झालं. मग हापूस कुणाला, यावर गाडं अडलं. हापूसच्या भौगोलिक मानांकनावरून 2018 पर्यंत या पट्ट्यात किती शाई सांडली ते दोघांनाही ठाऊक होतं. एका बस थांब्याच्या खांबावर आंब्याचं चित्र काढून ती आग पुन्हा पेटवायची आमची तयारी नव्हती. काकू आतून म्हणाल्या, "आणि शाकाहारी माणसानं बांगड्याखाली उभं राहायचं होय?" पावसाचं चित्र कुणा एका गटाला देणं बरं दिसेना, कारण तो सगळ्यांच्याच डोक्यावर पडतो, पण पावसवाल्यांनी त्यावर नावासकट हक्क सांगितला असता. रात्री साडेदहाला यादी फाटली.

खरी अडचण चित्रांची नव्हतीच. आमच्याकडे थांबा खांबाला चिकटलेला नसतो, नावाला चिकटलेला असतो. साळवी स्टॉप हेच बघा. बसचा थांबा होता, त्याचं गावाच्या अंगावरचं नाव झालं. आज तिथं वस्ती आहे, दुकानं आहेत, पत्त्यात 'साळवी स्टॉप' लिहितात, लग्नपत्रिकेत लिहितात, आणि मिऱ्या-नागपूर महामार्गाचा विस्तार झाला, खांब चार वेळा इकडचा तिकडे झाला तरी साळवी स्टॉप जागच्या जागी. तिथून जाणाऱ्या गाडीला 'तू आता इथं थांबू नकोस, पुढच्याला थांब' म्हणून सांगणार कोण? आणि सांगितलं तरी ऐकणार कोण? एसटीची 'हात दाखवा, एसटी थांबवा' अशी एक योजनाच होती. जिथं हात तिथं थांबा. ज्या गावात मावशींचा हात वर गेला की रस्त्याचा कुठलाही तुकडा थांबा होतो, तिथं एक थांबा सोडून थांबायचं म्हणजे वर गेलेला हात बघून न बघितल्यासारखं करायचं. चालक ते करतीलही. पण तोच चालक संध्याकाळी त्याच रस्त्यानं घरी जाणार असतो, आणि त्या मावशी बहुधा त्याच्या आत्येच्या शेजारी राहत असतात.

मुंबईकरांना हे कळत नाही. मुंबईत 1926 साली बस आली आणि त्यानंतर केव्हा तरी रांगही आली. आता ती त्यांच्या रक्तात आहे. गणपतीला चाकरमानी येतात. एकट्या 2025 च्या गणपतीला एसटीनं कोकणासाठी 5 हजार जादा गाड्यांची तयारी केली होती, यावरून किती येतात याचा अंदाज करा. असा एक गृहस्थ मी दरवर्षी बघतो. तो थांब्यावर येतो, खांब शोधतो, खांबाला पाठ लावून उभा राहतो आणि आपण पहिले आहोत या समाधानात असतो. दुसरं कुणी त्याच्या मागं येऊन उभं राहत नाही. माणसं आपली आजूबाजूला, शेडीच्या कट्ट्यावर, स्कूटरला टेकून, अर्धवट दुकानात अशी पसरलेली. त्याला वाटतं, हे लोक गाडीसाठी आलेले नाहीत. गाडी येते. खांबाच्या दहा पावलं अलीकडे थांबते, कारण खांबाशी रिक्षा. पसरलेली ती सगळी माणसं एका क्षणात दारात. हा एकटा खांबाशी, रांगेत पहिला.

मात्र माझा एक आग्रह आहे आणि काकांनाही तो आता मान्य झाला आहे. काही वाईच कापावेत, काही कापू नयेत. दारात छत्री मिटण्याचा कापावा. थांब्याला पुरेशी रुंद, पावसाकडे पाठ केलेली शेड केली तर तो आपोआप कापला जाईल. रिक्षा खांबाशी उभी करण्याचा तर मुळापासून उपटावा. पण टोपलीचा नको. मिरकरवाड्याकडून येणारी एक मावशी आहे. तिची पाटी रिकामी असते, सगळं विकून झालेलं असतं, तरी ती पाटी दोन्ही हातांनी अशी धरते की आत अजून पापलेट आहे. चढताना पाटी आधी आत येते. वाहक काही न बोलता ती घेतो, चालकाच्या मागं इंजिनाच्या झाकणाशी टेकवतो, मावशी मग दांडा धरून चढते, आणि उतरताना तोच वाहक पाटी तिच्या डोक्यावर देतो. यात दहा-पंधरा सेकंद जात असतील. भागाकाराला बसलं तर त्याच्याही तासाला काही गाड्या कमी होतात. होऊ द्यात.

गेल्या श्रावणातली गोष्ट. सर आली होती, साडेपाच झाले होते, आणि नेहमीच्या रिवाजानं तीन गाड्या एकदम लागल्या होत्या. मी काकांचा शिष्य शोभेन अशा तयारीनं आलो होतो. छत्री शेडीतच मिटून काखेत, सुट्टे पैसे मुठीत. चढलो, 'साळवी स्टॉप' म्हणालो, तिकीट घेतलं, आत सरकलो. मोजून चार सेकंद. पाठीमागं दुसऱ्या गाडीचा हॉर्न वाजत होता, तिसरीचाही वाजू लागला होता, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा आपण एका गाडीची जागा वाचवली असं वाटत होतं. वाहकानं दोरीला हात घातला.

तेवढ्यात काचेतून दिसलं. रामआळीच्या तोंडाशी कुणी तरी एका हातात उघडी छत्री, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी घेऊन धावत होतं. धोतर नाही तरी विजारीचे पाय वर धरता येतात, तसे ते धरून. ओव्हरसियरकाका. मी नियम मोडतोय हे मला कळत होतं. 3600, 45, 80, सगळं डोळ्यांपुढून गेलं. पण तोंडातून निघायचं ते निघालंच, "मास्तर, वाईच थांबा हो, आमचे काका येताहेत."

दोरीवरचा हात तसाच राहिला. काका दाराशी आले, पहिल्या पायरीवर चढले, दार पाठीनं अडवलं आणि हात मागं नेऊन छत्री मिटायला लागले. खटका अडकला. "मुलानं पाठवलीय," ते धापा टाकत म्हणाले, "बटण कुठंय तेच कळत नाही." अखेर मी खाली वाकून ती मिटली. काकांनी कपाळ पुसलं, पिशवी माझ्याकडे दिली, खिशात हात घातला आणि वाहकापुढं पाचशेची नोट धरली.